तान्ह्या बाळासोबत दरीचे फोटो: सांदण-घाटघर, निघोज की गंडीकोटा?

घरात वर्षाच्या आतलं बाळ, कपाटात धूळ खात पडलेला कॅमेरा आणि जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी. मुंबईतल्या आईबाबांना अशा वेळी दऱ्या-घळी खुणावू लागल्या की सल्ले देणारे दरी किती खोल आहे ते सांगतात. मी आधी एकच विचारते: कॅमेरा लावायचा तिथपासून बाळाला सावलीत निजवायची जागा चालत किती मिनिटांवर आहे? पाच-दहा मिनिटांवर असेल तर फोटोही होतील आणि बाळही खूश राहील. तासाभरावर असेल, तर दोघांपैकी एकजण दिवसभर बाळ सांभाळणार आणि दुसरा अपराधी चेहऱ्यानं फोटो काढणार. त्यातून चांगला फोटो क्वचितच निघतो.

या कसोटीवर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पहिल्याच फेरीत बाद. पाचनईकडून वाट सोपी आहे असं कोणी कितीही सांगो, ती चढण आहे आणि वर मुक्कामाची सोय तंबूची. उरतात तीन ठिकाणं: भंडारदऱ्याजवळची सांदण दरी आणि तिच्या शेजारचं घाटघर, पारनेर तालुक्यातलं निघोज, आणि आंध्र प्रदेशातलं गंडीकोटा.

जाण्याचा त्रास

सांदणला जायला इगतपुरी, घोटी, भंडारदरा आणि मग जलाशयाला वळसा घालून साम्रद. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. ज्यांच्या बाळाला घाटात गाडी लागते त्यांना याची किंमत कळेल. मात्र भिवंडीच्या बाजूला आमण्यापर्यंत पोचण्यातच अर्धी शक्ती जाते, आणि एकदा महामार्गावर चढलात की मध्येच कडेला गाडी घेऊन लंगोट बदलायची सोय नाही. दूध, लंगोट, कपडे हे सगळं चढण्याआधी उरकायचं. शेवटचा भंडारदरा ते साम्रद हा वीसेक किलोमीटरचा तुकडा अरुंद आणि वळणांचा आहे, तो दिवसाउजेडी करावा.

निघोज नकाशावर जवळ वाटतं, पण मुंबईहून तेही दोनशे किलोमीटरच्या वर जातं, आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या पट्ट्यातले ट्रक बाळाच्या झोपेची वेळ बघून थांबत नाहीत. पुण्यात कोणी ना कोणी नातेवाईक असतोच. तिथे रात्र काढून जाणं शहाणपणाचं.

गंडीकोटा तिघांत सगळ्यात लांब, तरी मला वाटतं बाळासाठी तो प्रवास दिसतो तितका वाईट नाही. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर कडप्पा लागतं, पुढचा रस्ता दीड-दोन तासांचा. रात्रभराची गाडी आणि वर दिवसाचे काही तास धरावे लागतात, पण डब्यात बाळाला मांडीवर खेळवता येतं, पाय मोकळे करता येतात, खालच्या बर्थवर आईच्या कुशीत ते झोपतंही. विमानानं बेंगळुरू गाठून पुढे जवळजवळ तीनशे किलोमीटर मोटारीनं जाण्यापेक्षा मी रेल्वेच घेईन. फक्त हे तीन दिवसांत बसवू नका. निदान पाच हवेत.

कडा आणि बाळाचं वय

याचा विचार लोक सगळ्यात कमी करतात, आणि निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे सगळी सारखी नव्हेत. मान सावरलेलं पण अजून न रांगणारं बाळ कॅरियरमध्ये छातीशी बांधलं की तिन्ही ठिकाणी नेता येतं. रांगायला लागलं की निघोज यादीतून काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघोजला कुकडी नदीनं काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे आणि वाळू खडकातल्या भेगांत गरगर फिरत राहतात, खडक घासतात, आणि भेगेचा खड्डा, खड्ड्याचा रांजण होतो. रांजण एकमेकांत फुटले की वळणावळणांची खोल घळ तयार होते. फोटोसाठी अप्रतिम. पण काठ घासून गुळगुळीत झालेले, आत हिरवं पाणी, खोली वरून कळत नाही आणि प्रत्येक चार पावलांवर नवं तोंड. मळगंगेच्या देवळापासून हे सगळं अगदी जवळ आहे, ही जमेची बाजू. आजी देवळापाशी बाळाला घेऊन बसू शकतात, फोटो काढणारा एकटा खाली जाऊ शकतो. बाळाला खडकावर मात्र सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

गंडीकोट्याला धोका वेगळा आहे. पेन्ना नदीनं एर्रमला डोंगररांगेतून कापलेली घळ, दोन्ही बाजूंना तांबूस खडकाचे एकावर एक रचलेले थर, आणि पाहायची जागा म्हणजे किल्ल्याच्या आत, जामा मशिदीच्या मागे पसरलेल्या मोठमोठ्या शिळा. सपाट शिळा बघून नुकतं पाऊल टाकू लागलेलं मूल हात सोडवून धावायला बघणार, आणि त्या शिळा संपतात तिथे सरळ दरी आहे. आठ महिन्यांच्या बाळासाठी हे ठिकाण सव्वा वर्षाच्या मुलापेक्षा सोपं आहे, हे ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच आहे.

घाटघरचा कोकणकडाही उभा कोसळतो, पण इथे काठावर जायची गरजच नसते. गाडी कड्याच्या बऱ्याच जवळ जाते. समोरचे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि खाली पसरलेलं कोकण यांच्या रांगा काठापासून बरंच मागे राहूनही चौकटीत बसतात, उलट लांबचं जवळ आणणाऱ्या ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सनं त्या अधिक चांगल्या येतात. गंडीकोट्याला नदीचं वळण दाखवायला वाइड लेन्स लागते आणि वाइड लेन्स तुम्हाला काठाकडे ओढत नेते.

उजेड कधी आणि झोप कधी

सांदणचं वैशिष्ट्य असं की ती दुपारची जागा आहे. सुमारे दोन किलोमीटर लांब, दोनशे-तीनशे फूट उंच भिंती, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की तळापर्यंत सूर्य पोचतो तो माथ्यावर आल्यावरच. फोटोग्राफीच्या पुस्तकात दुपारचं ऊन टाळा असं लिहिलेलं असतं, इथे ते उलटं. त्यातही थेट ऊन तळाला पडतं त्या क्षणांपेक्षा त्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर, ऊन फक्त वरच्या भिंतीवर असतं आणि तिथून परतून खाली झिरपतं, तो उजेड घ्यावा. ॲरिझोनातल्या लाल वालुकाश्माच्या घळी ज्या केशरी चमकतात तशी अपेक्षा ठेवू नका. आपला बेसॉल्ट गडद राखाडी, तो उजेड गिळतो. आकाशाची फट चौकटीबाहेर ठेवायची, एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घ्यायचे, आणि रंगापेक्षा भिंतींच्या पोताकडे बघायचं.

बाळाच्या दृष्टीनं याचा फायदा असा की भर दुपारी घळीच्या तोंडाशी गार सावली असते. साम्रद गावातून तिथपर्यंतची अर्ध्या तासाची वाट मात्र उन्हातली आहे. साडेदहाला गाव सोडावं, अकराला सावलीत पोचावं, बाळाला पाजून तिथेच निजवावं आणि ऊन कलल्यावर परतावं. आत किती जायचं? पहिल्या पाण्यापर्यंत, त्यापुढे बाळाला अजिबात नाही. पुढे मोठमोठे धोंडे चढावे-उतरावे लागतात, आणखी पुढे दोर लागतो. मोठ्यांपैकी एकानं पुढे जाऊन यावं, पण परतायची वेळ ठरवून, कारण आत फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहता येत नाही. आणि पावसाळ्यात सांदणचं नावही काढू नये. वरच्या पठारावर पडलेलं पाणी याच चिरेतून खाली कोसळतं.

गंडीकोटा नेमकं उलट आहे. तिथे चांगला उजेड सूर्योदयानंतरचा तासभर आणि सूर्यास्ताआधीचा तासभर. मधल्या वेळात थर सपाट दिसतात आणि शिळा तापतात. डिसेंबरात तिथे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. एरवी वैताग आणणारं बाळाचं पहाटे साडेपाचचं उठणं इथे कामी येतं. आंध्र पर्यटनाचं हरिता निवास किल्ल्यापासून जवळ आहे, त्यामुळे सकाळचे फोटो उरकून बाळाच्या पहिल्या झोपेला खोलीवर परत येता येतं. दुपारभर सगळ्यांनी आराम करायचा, चारनंतर पुन्हा बाहेर. किल्ल्यातलं माधवराय मंदिर आणि धान्यकोठार सावलीत बघण्यासारखी आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचाही वेळ चांगला जातो, आणि दरी बघून त्यांचं पाच मिनिटांत समाधान होतं हे लक्षात घेता त्याची गरज पडतेच. एप्रिल-मेमध्ये मात्र कडप्पा जिल्ह्यात तान्हं बाळ घेऊन जाणं हा विचारच करू नये.

निघोजला तिरपं ऊन हवं. काळ्या खडकाची वळणं बाजूनं आलेल्या उजेडातच उठून दिसतात. सकाळी दहाच्या पुढे खडक तापतो, पाण्यावर चकाकी येते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लेन्सवर लावून ती थोडी मारता येते, पण तापलेल्या खडकावर काही उपाय नाही. पहाटे पुण्याहून निघण्यापेक्षा बाळाची दुपारची झोप गाडीत होऊ द्यावी आणि चारच्या सुमारास पोचावं. दोन तासांत काम होतं.

महाबळेश्वरचं काय, असं कोणीतरी विचारणारच. आर्थर सीटवरून सावित्रीची दरी खरोखर जबरदस्त दिसते, कठडे आहेत, खोल्या आहेत, गरम पाणी आहे. पण गर्दीत ट्रायपॉड लावायला जागा नाही, बाटलीवर डोळा ठेवून बसलेली माकडं आहेत, आणि येणारा फोटो तुमच्या मावशीच्या फोनमध्ये आधीपासून आहे. ज्यांना बाळासोबत सुट्टी हवी आहे आणि फोटो झाले तर झाले, त्यांनी खुशाल जावं.

सामान

बाबागाडी तिन्ही ठिकाणी निरुपयोगी, घरीच ठेवा. त्याऐवजी कंबरपट्ट्याचं चांगलं कॅरियर, आणि मुक्कामी झोळी बांधायला एक जुनी सुती साडी. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा छातीशी बांधलेल्या बाळाच्या डोक्यावर आदळतो, म्हणून मनगटाचा किंवा खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा घ्यावा. आमच्या घरातला नियम सरळ आहे: ज्याच्या अंगावर बाळ, त्याच्या हातात कॅमेरा नाही. चौकट शोधताना माणूस मागे-पुढे सरकतो आणि ते त्याला कळत नाही.

ट्रायपॉड फक्त सांदणसाठी न्यावा, कारण आत उजेड खरोखर कमी असतो. गंडीकोटा आणि घाटघरला हातात धरून काम भागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनवर विसंबून उन्हात नेऊ नये. सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचं सुती झबलं हाच उपाय. हिवाळ्यात भंडारदऱ्याची रात्र मुंबईकरांना बोचते, तेव्हा कानटोपी आणि दुपटी मोजून नव्हे, जास्तच घ्या.

दरीचा आकार फोटोत कळायला माणूस लागतो. बाळाला कडेवर घेतलेली आई लांबवर, सुरक्षित जागी, लाल किंवा पिवळ्या कपड्यात उभी राहिली की भिंतीची उंची एका नजरेत समजते. घरच्या ग्रुपवर मात्र हा फोटो टाकल्यावर ‘बाळ कुठाय यात?’ असा प्रश्न येणार, म्हणून एक जवळून काढलेला वेगळा ठेवावा.

मग कुठे?

चार ते सात-आठ महिन्यांचं बाळ, तीन दिवस आणि सोबत तिसरं मोठं माणूस असेल तर सांदण-घाटघर, यात मला शंका नाही. एक दुपार घळीच्या तोंडाशी, एक संध्याकाळ घाटघरच्या कड्यावर, आणि मधल्या वेळात भंडारदऱ्याचा जलाशय. तिसरं माणूस नसेल तर सांदण गाळून फक्त घाटघर करा, तरी फोटो रिकामे येणार नाहीत. रांगणारं बाळ आणि पाच दिवस हाताशी असतील तर गंडीकोटा, पण खोली आधी मिळवून मगच रेल्वेचं तिकीट काढा, कारण किल्ल्याजवळ राहण्याचे पर्याय थोडे आहेत आणि ते हुकलं तर सकाळचा सगळा फायदा जातो. पळायला लागलेल्या मुलासाठी पुन्हा घाटघरच. निघोज हे पुण्यात मुक्काम असताना, बाळ आजीकडे ठेवून, नवरा-बायकोनं अर्ध्या दिवसात करून यायचं काम आहे.

साम्रदला डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जावं. निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या घरगुती मुक्कामवाल्याला फोन करून पहिल्या डोहात पाणी घोट्यापर्यंत आहे की कमरेपर्यंत, एवढं विचारून घ्यावं. पावसाळा लांबला असेल तर कंबरभर पाणी बरेच दिवस टिकतं. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांत बाळाला घेऊन त्या रस्त्यावर जाऊ नये.