सासूबाईंची मेमरी क्लिनिकमधली तपासणी: आमचा अनुभव

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विस्मरणाची तपासणी होते त्या विभागात, सासूबाईंना नेलं होतं. वय 74, शिक्षण चौथी, उभं आयुष्य खाणावळ चालवण्यात गेलेलं. हल्ली तेच तेच विचारायच्या, आमटीत मीठ दोनदा पडायचं. त्याआधी एका दवाखान्यात घाईघाईने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावून डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, ‘सुरुवात झालीय’ असं त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. कानाचं मशीन लावलंय का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं.

इथे पहिला प्रश्न तोच होता. मग चष्मा, झोप, शाळा कुठवर झाली, मन उदास असतं का. तपासणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला मागे बसू दिलं, पण मधे बोलायचं नाही या अटीवर. सगळं मराठीत, आणि ‘आजी, सावकाश’ म्हणत.

चाचणी मोका नावाची. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे डॉ. झियाद नासरेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेली, 30 गुणांची. 1975 पासून वापरात असलेल्या एमएमएसई या अशाच जुन्या चाचणीतून सौम्य विस्मरण बरेचदा निसटतं, म्हणून ही घेतात, असं बाईंनी सांगितलं. शंभरातून सात सात वजा करताना आई एकदाही अडखळल्या नाहीत: 93, 86, 79... गल्ल्यावर बसलेल्या बाईला ते काय अवघड! एका अक्षरावरून शब्द सांगताना तर पळी, परात, पातेलं, पोळपाट, पाटा अशी सगळी मांडणीच उतरली. घनाकृती बघून काढताना मात्र पेन्सिल हातात धरवेना. आणि सुरुवातीला ऐकवलेल्या पाच शब्दांपैकी थोड्या वेळाने एकच आठवला. बाईंनी प्रत्येक शब्द कुठल्या प्रकारातला ते सुचवलं, तेव्हा आणखी दोन आले. त्याचे गुण मिळत नाहीत, पण शब्द डोक्यात शिरलाच नाही की शिरून सापडत नाही, हे त्यातून कळायला मदत होते म्हणे. हे इतकं उलगडून आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. तो धरून 21 झाले. मूळ निकषाप्रमाणे 26 च्या खाली म्हणजे शंका. पण डॉक्टर आकड्यावर थांबले नाहीत. चौथी शिकलेल्या माणसाला 26 ची रेघ फार वरची पडते, असं ते स्वतःच म्हणाले. गॅस, औषधं, दुधाचा हिशोब, एकटीने बसने जाणं याबद्दल मला वेगळं बसवून विचारलं. आई हे सगळं अजून स्वतः करतात. म्हणून निदान डिमेन्शियाचं नाही, सौम्य बोधात्मक दुर्बलतेचं, एमसीआयचं झालं; म्हणजे आठवण थोडी कमी झालीय, पण रोजचे व्यवहार स्वतः जमतात. अशी काही माणसं पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही आहे तिथेच राहतात, काही सुधारतातही, हे त्यांनी आईंना समोर बसवून सांगितलं. बी-बारा जीवनसत्त्व, थायरॉइड आणि कानाची तपासणी लिहून दिली. स्मरणशक्तीच्या गोळ्यांची माळ लावली नाही, हे मला फार पटलं.

खटकलेल्या गोष्टी दोन. बाहेरच्या मुलाने भरल्या बाकांसमोर ‘डिमेन्शियावाल्या आजी, या’ असा पुकारा केला. आईंचा चेहरा उतरला, आणि त्याच मनःस्थितीत त्या तपासणीला बसल्या. हे ताबडतोब बंद व्हायला हवं. दुसरं, अहवाल इंग्रजीत. दोन ओळी मराठीत लिहून मागितल्या तेव्हा डॉक्टरांनी दिल्या, पण त्या न मागता मिळायला हव्यात. फी सगळी मिळून 1800 रुपये, त्याबद्दल तक्रार नाही.

जाणार असाल तर सकाळची वेळ मागा. चष्मा, कानाचं मशीन आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. आणि कृपा करून मोबाइलवर प्रश्नपत्रिका शोधून घरी सराव करून घेऊ नका. पाठ केलेले गुण वाढतात आणि डॉक्टरांना खरी परिस्थिती दिसत नाही. आम्हाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा याच चाचणीचा वेगळ्या शब्दांचा कागद देणार आहेत.