विरंगुळा केंद्राच्या मंडळींसोबत दुपारचं जेवण: जिथं अण्णा पुन्हा बोलते झाले

ज्येष्ठांना घेऊन बाहेर जेवायला जायचं तर उपाहारगृह निवडताना मी पहिलं हे बघते की टेबलाच्या या टोकाचं बोलणं त्या टोकाला ऐकू जातं का. चव, सजावट, नावलौकिक हे सगळं त्यानंतर. या जागेला मी पाचापैकी चार तारे देते आहे, ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी. एक तारा का कापला तेही सविस्तर लिहिते, कारण तो दोष एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो आणि दुरुस्त करणं फार अवघड नाही.

आधी आमचा गट कसा होता ते सांगायला हवं. आम्ही आठजण, सगळे विरंगुळा केंद्रात रोज भेटणारे. सर्वांत वडील माई, नव्वदीला टेकलेल्या, वॉकर घेऊन चालतात. अण्णांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. नानांना कंपवात आहे. दोघींना मधुमेह, त्यातल्या वहिनी इन्सुलिन घेतात. बाकीचे गुडघे, पाठ, मोतीबिंदू असं आपापलं घेऊन येणारे. मी निवृत्त वॉर्ड सिस्टर. कुठंही गेले की माझी नजर आधी पायऱ्या, दिवे आणि स्वच्छतागृहाकडे जाते, ती सवय आता सुटायची नाही.

फोनवर जागा राखून ठेवतानाच या लोकांबद्दल माझं मत चांगलं झालं. पलीकडच्या मुलीनं किती माणसं हे विचारल्यावर लगेच विचारलं, "कुणाला चालायला त्रास आहे का? वॉकर किंवा व्हीलचेअर असेल तर मी बाजूच्या दाराजवळचं टेबल ठेवते." मी तिला म्हटलं, गोल टेबल दे, भिंतीलगतचं दे, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं दे. तिनं ते लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. वेळ मी मुद्दाम पावणेबाराची घेतली. साडेबारानंतर गर्दी वाढते, आवाज वाढतो आणि वाढणाऱ्यांची धावपळ सुरू होते. शिवाय आमच्यातले जे अजून गाडी चालवतात त्यांना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून आमच्या सहली रात्रीच्या नसतातच.

आता अण्णांबद्दल. अण्णांनी गटाबरोबर बाहेर जेवायला येणं बंदच केलं होतं. "ऐकू काही येत नाही, नुसता मान हलवत बसतो, त्यापेक्षा घरी बरा," असं ते म्हणायचे. लोकांना वाटतं, यंत्र लावलं की ऐकू येतं, मग तक्रार कसली? वय झालं की कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात. स, श, च, फ ही व्यंजनं नेमकी त्या पट्टीत येतात. त्यामुळे कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. यंत्र आवाज मोठा करतं, पण त्याबरोबर चमच्यांचा, खुर्च्यांचा आणि शेजारच्या टेबलाचाही आवाज थोडाफार मोठा होतोच. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. गजबजलेल्या उपाहारगृहात गोंगाट सहज ८० पर्यंत जातो. त्यात समोरचा काय बोलतो हे धड कानांच्या माणसालाही कळत नाही, तिथं अण्णांचं काय होणार?

इथं आमच्या कोपऱ्यात फोनवरच्या मापकानं ५५ ते ६० च्या मध्ये आकडा दाखवला. कारण डोळ्यांना दिसत होतं: खिडक्यांना जाड पडदे, खाली गालिचा, टेबलावर कापड, छताला आवाज शोषणाऱ्या फळ्या. गुळगुळीत फरशी आणि उघड्या काचा आवाज परतवतात, कापड तो गिळतं. गाणी चालू होती, पण इतकी हळू की विचारावं लागलं नाही. अण्णांना आम्ही भिंतीकडे पाठ करून बसवलं. पाठीमागे भिंत असली की मागून गोंगाट येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण खिडकीची गोष्ट तिथल्या वाढप्याच्या लक्षात आली. त्यानं येऊन पडदा अर्धा ओढला. खिडकीकडे पाठ करून बसलेल्यांचे चेहरे अण्णांना काळे दिसत होते, आणि ओठ दिसले नाहीत तर त्यांचं निम्मं ऐकणं जातं. तो मुलगा त्यांच्याशी बोलताना समोर येऊन उभा राहायचा, ओरडायचा नाही, वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचा. हे त्याला कुणी शिकवलं ते मी विचारलं. त्याची आजी, म्हणाला.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा अण्णा त्यांच्या नोकरीतला एक लांबलचक किस्सा सांगत होते आणि माई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. केंद्रात कॅरम खेळताना जेमतेम दोन वाक्यं बोलणारा माणूस. मला एवढा आनंद झाला की माझं ताट निवलं तरी मी ऐकतच राहिले.

खुर्च्यांना हात होते. ही बाब कुणाला किरकोळ वाटेल, पण ज्याच्या मांड्यांत जोर राहिलेला नाही तो खुर्चीच्या हातांवर भार देऊनच उठतो. बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच आणि टणक होती. मऊ सोफ्यात माई एकदा रुतल्या की त्यांना दोघांनी ओढून उठवावं लागतं, आणि तसं चारचौघांत उठवून घेणं त्यांना अजिबात आवडत नाही. इथं त्या आपल्या आपण उठल्या.

नानांचं सूप ही या जेवणातली मला सर्वांत भावलेली गोष्ट. कंपवाताची गोळी त्यांनी जेवणाआधी अर्धा तास घेतली होती, कारण त्या गोळीतलं लेव्होडोपा हे औषध आणि जेवणातली प्रथिनं यांची आतड्यात शोषून घेण्याच्या वेळी स्पर्धा लागते आणि भरल्या पोटी गोळीचा गुण उशिरा येतो. तरी हात थरथरत होताच. पसरट बशीतलं सूप चमच्यानं तोंडापर्यंत नेणं त्यांना जमत नाही, म्हणून ते बाहेर सूप मागवतच नाहीत. वाढप्यानं त्यांचा हात पाहिला असणार. तो नानांच्या कानाजवळ वाकून हळूच म्हणाला, "काका, मगमध्ये आणू का?" मोठ्या कानाचा जड मग आला, अर्धाच भरलेला. नानांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळं सूप प्यायले. टेबलावरच्या कुणाला पत्ताही लागला नाही. मला दिसलं, कारण मी शेजारीच बसले होते.

वहिनींच्या बाबतीत मी फोनवरच बजावलं होतं की पहिलं काहीतरी बसल्याबसल्या आलं पाहिजे. मधुमेहाची काही औषधं आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर उतरते, ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. म्हणून वहिनी जेवण समोर येईपर्यंत इन्सुलिन टोचत नाहीत. पहिली प्लेट लगेच आली. पाणीही न मागता आलं आणि पेले रिकामे होऊ दिले नाहीत, हेही लिहून ठेवते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. आम्ही पाणी मागत नाही याचा अर्थ ते नको असतं असा नाही.

मिठाबाबत त्यांनी खरं सांगितलं. भाज्या कमी मिठाच्या करून देऊ, पण सूपाचा अर्क सकाळीच तयार होतो, त्यातलं मीठ आता काढता येणार नाही. रक्तदाब असलेल्या दोघांनी मग सूप टाळलं. "हो, करतो" म्हणून तेच आणून ठेवणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं. चवीला जेवण चांगलं होतं, भाज्या नीट शिजलेल्या, कवळीवाल्यांना चावता येतील अशा. गोड जरा जास्तच गोड वाटलं. बाकी चवीबद्दल आठजणांची आठ मतं आहेत.

आता जे खटकलं ते. मेनूकार्ड छापील आहे, मोबाइल दाखवून वाचायला लावत नाहीत, इतपत ठीक. पण अक्षरं फिक्या राखाडी रंगात, चहाच्या रंगाच्या कागदावर. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पडतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाला मिळतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. असं असताना फिकी अक्षरं कशासाठी? शेवटी एकानं सगळ्यांना कार्ड वाचून दाखवलं. काळी ठसठशीत अक्षरं असलेली चार कार्डं वेगळी ठेवली तरी काम भागेल.

बाजूच्या दाराला उतार आहे आणि त्याचा चढ योग्य आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरतात, इथं ते पाळलेलं दिसलं. पण उताराच्या तोंडाशी मालाची खोकी रचलेली होती. सांगितल्यावर ती तत्परतेनं हलवली. तोवर माई वॉकर धरून उन्हात उभ्या होत्या.

आणि स्वच्छतागृह. तारा कापला तो इथं. आत जागा आहे, कमोडची उंची बरी आहे, एका बाजूला आधाराचा दांडाही आहे. फरशी कोरडी होती. पण दार आत उघडतं आणि कडी बाहेरून काढता येत नाही. वॉर्डात असताना मी हे डोळ्यांनी पाहिलंय: माणूस आत पडला की त्याचं अंगच दाराला अडतं. ढकललं तर त्याला लागतं, नाही ढकललं तर आत जाता येत नाही. जेवणानंतर तर हा धोका वाढतो. रक्त पचनासाठी पोटाकडे वळतं आणि पुष्कळ वयस्कांचा रक्तदाब जेवणानंतरच्या दोन तासांत उतरतो. चक्कर येते ती नेमकी उठून चालायला लागल्यावर. दार बाहेर उघडेल असं बसवणं हे सुताराचं एका दिवसाचं काम, आणि बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी कडी तर बाजारात सहज मिळते. मी व्यवस्थापकांना बाजूला घेऊन हे सगळं दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही, फोनमध्ये दाराचा फोटो काढून घेतला. कडी तरी महिन्याभरात बदलतो म्हणाले. बदलली की मी इथंच लिहीन आणि कापलेला ताराही देईन.

याच कारणासाठी जेवणानंतर आम्ही लगेच उठत नाही, आणि इथं कुणी उठवलंही नाही. बिल मागेपर्यंत आणलं नाही. मागितल्यावर आठ वेगवेगळी बिलं आली. सुरुवातीलाच सांगून ठेवल्यामुळे हिशेबात गोंधळ झाला नाही. जवळजवळ तासभर आम्ही नुसते बोलत बसलो होतो, तरी पाणी येत राहिलं.

जाणार असाल तर खिडकीजवळच्या कोपऱ्यातलं गोल टेबलच मागून घ्या आणि गट आठांच्या वर नेऊ नका. जास्त माणसं झाली की ते लांबट टेबलं जोडून मधल्या दालनात बसवतात. तिथं गालिचा नाही, स्वयंपाकघराचं दार जवळ आहे आणि टोकाला बसलेल्या दोघांना मधल्यांचं काही ऐकू येत नाही. आमच्या केंद्रातले बाकीचे लोक पुढच्या महिन्यात आम्हालाही न्या म्हणून मागे लागलेत. त्यांना मी दोन वेगवेगळ्या दिवशी नेणार आहे. अण्णा दोन्ही दिवशी येतो म्हणालेत.