तिकिटांची पुनर्विक्री करणारी संकेतस्थळे: पैशांची हमी आहे, प्रवेशाचे काय?

मैफली, नाटके आणि सामने यांची तिकिटे पहिल्या विक्रीत संपली की ज्या संकेतस्थळांवर ती पुन्हा विकायला येतात, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. या क्षेत्रात व्हियागोगो आणि स्टबहब ही दोन नावे सर्वाधिक परिचित आहेत. दोन्हींच्या स्थापनेत एरिक बेकर यांचा हात होता. २०२० साली व्हियागोगोने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून स्टबहब विकत घेतली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने पुढे स्टबहबचा उत्तर अमेरिकेबाहेरील व्यवसाय विकायला लावला असला, तरी या बाजारपेठेचा मोठा भाग त्यानंतर एकाच छत्राखाली आला. दुसऱ्या बाजूला ट्विकेट्ससारखी सेवा आहे, जिथे मूळ किमतीपेक्षा जास्त दर मागताच येत नाही, आणि काही मूळ विक्रेत्यांनी स्वतःच उघडलेली पुनर्विक्रीची दालनेही आहेत. ग्राहकाला कायद्याने जे मिळायला हवे ते खरेदीच्या प्रत्येक पायरीवर प्रत्यक्षात मिळते का, एवढाच प्रश्न या परीक्षणात विचारला आहे.

पहिली पायरी शोधयंत्रावरच येते. कार्यक्रमाचे नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा आयोजकाचा असेलच असे नाही. पैसे भरून वर आणलेली ती पुनर्विक्रेत्याची जाहिरातही असू शकते. ऑस्ट्रेलियात हाच मुद्दा न्यायालयात गेला. तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने व्हियागोगोविरुद्ध केलेल्या दाव्यात फेडरल न्यायालयाने २०१९ मध्ये असा निष्कर्ष काढला की जाहिरातींत ‘अधिकृत’ हा शब्द वापरून, तिकिटांचा तुटवडा फुगवून सांगून आणि शुल्क वेळेवर न उघड करून कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केली होती. ‘एक टक्क्याहूनही कमी तिकिटे शिल्लक’ असा संदेश दाखवताना तो आकडा केवळ त्या संकेतस्थळावरील साठ्याचा आहे, संपूर्ण प्रेक्षागृहाचा नव्हे, हे ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती. २०२० मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आज बहुतेक संकेतस्थळे ‘येथील दर मूळ किमतीपेक्षा जास्त असू शकतात’ अशी ओळ पानाच्या माथ्यावर देतात. ती बारीक अक्षरांत असते, पण असते, आणि तिचे श्रेय असल्या दाव्यांना द्यायला हवे.

किमतीच्या बाबतीत मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सेवांचे खरे कौशल्य तिथेच दिसते. आधी एक आकर्षक दर दाखवायचा, ग्राहकाने आसन निवडले, नाव-पत्ता भरला, घड्याळाची उलटी मोजणी सुरू झाली, की शेवटच्या पानावर सेवाशुल्क आणि वितरणशुल्क त्यात मिळवायचे, ही पद्धत अनवधानाने पडलेली नाही. स्टबहबने २०१५ च्या सुमारास आपल्या ग्राहकांचे दोन गट करून प्रयोग केला होता: एका गटाला शुल्कासहित किंमत सुरुवातीपासून दाखवली, दुसऱ्याला ती अखेरीस कळली. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार दुसऱ्या गटाने सुमारे २० टक्के अधिक खर्च केला आणि तुलनेने महागडी आसने निवडली. हा निष्कर्ष हाती आल्यावर कोणतीही कंपनी आपण होऊन एकत्रित किंमत दाखवील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. इथे कायद्यालाच पुढे यावे लागले. ऑस्ट्रेलियातील प्रकरणात बहुतेक कार्यक्रमांसाठीचे नोंदणीशुल्क २७.६ टक्के होते, यावरून अखेरच्या पानावरचा धक्का किती मोठा असतो याची कल्पना येते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला आणि त्याने सर्व अनिवार्य शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीपासून, अन्य कोणत्याही आकड्यापेक्षा ठळकपणे दाखवणे बंधनकारक केले. सरकारी कर आणि वस्तू पाठवण्याचा खर्च तेवढे वेगळे ठेवता येतात. विशेष म्हणजे हा नियम सरसकट सर्व धंद्यांना लागू नसून थेट कार्यक्रमांची तिकिटे आणि अल्पमुदतीची निवासव्यवस्था या दोनच क्षेत्रांपुरता आहे. ब्रिटनमध्ये २०२४ च्या डिजिटल बाजारपेठा, स्पर्धा व ग्राहक कायद्यातील संबंधित तरतुदी ६ एप्रिल २०२५ पासून अमलात आल्या. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी (ग्राहकाला भुलवणाऱ्या संकेतस्थळांच्या मांडणीविषयी) जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील १३ प्रकारांत टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे आणि घाईचा खोटा आभास निर्माण करणे हे दोन्ही आहेत. किमतीच्या प्रामाणिकपणाचा विचार केला तर ही सेवा पूर्वीपेक्षा निःसंशय सुधारली आहे. फक्त ती सुधारणा जिथे कायद्याचा बडगा आहे तिथेच आहे. उलटी मोजणी करणारे घड्याळ मात्र अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

आपण नेमके काय विकत घेत आहोत, या प्रश्नाचे उत्तर मिळवणे त्याहून अवघड आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पुनर्विक्रीच्या तिकिटाबरोबर विभाग, रांग आणि आसनक्रमांक, वापरावरील निर्बंध, मूळ छापील किंमत, तसेच विक्रेत्याचे आयोजकाशी किंवा संकेतस्थळाशी काही नाते असल्यास तेही सांगणे आवश्यक ठरवले. २०१७ च्या सुधारणेने, आयोजकाने तिकिटाला स्वतंत्र क्रमांक दिला असेल तर तो देणेही त्यात आले. ही माहिती जिथे पूर्ण मिळते तिथे निर्णय सोपा होतो. जिथे केवळ ‘खालचा मजला, एकत्र दोन आसने’ असे मोघम वर्णन असते, तिथे विक्रेत्याच्या हाती तिकीट अजून आलेलेच नसण्याची शक्यता गृहीत धरावी. असे हाती नसलेले तिकीट आधी विकायचे आणि नंतर स्वस्तात मिळाले तर पुरवायचे, हा दलालांचा जुना व्यवहार आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. याशिवाय विकणारी व्यक्ती हौशी प्रेक्षक आहे की व्यावसायिक, हेही महत्त्वाचे असते, कारण खासगी व्यक्तीकडून केलेल्या खरेदीला ग्राहक कायद्याचे बरेचसे संरक्षण मिळत नाही. युरोपीय संघात मे २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठेने हा तपशील खरेदीपूर्वी सांगणे अनिवार्य आहे. तो तपशील विक्रेत्याने स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेला असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता हमीविषयी. खुल्या पुनर्विक्रीची सर्व मोठी संकेतस्थळे हमी देतात आणि त्यात तथ्य आहे: विक्रेत्याला सहसा कार्यक्रम पार पडल्यानंतर पैसे दिले जातात, तिकीट बनावट निघाले किंवा पोहोचलेच नाही तर पर्यायी तिकीट अथवा परतावा मिळतो. समाजमाध्यमावर अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. परंतु अटी वाचल्या की दिसते की पर्यायी तिकीट ‘तुल्य’ आहे की नाही, याचा निर्णय बहुधा कंपनीच करते, आणि प्रवास व मुक्कामाचा खर्च हमीच्या बाहेर असतो. प्रवेशद्वारावर परत पाठवलेल्या माणसाला काही दिवसांनी तिकिटाचे पैसे परत मिळाले, तरी ज्या संध्याकाळसाठी त्याने ते मोजले होते ती संध्याकाळ कोणत्याही अटीत बसत नाही. कायदाही इथे फारसा उपयोगी पडत नाही. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे, पण ठरावीक तारखेच्या मनोरंजनसेवा त्यातून वगळलेल्या आहेत. युरोपीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये एका जर्मन तिकीटविक्रेत्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की, रद्द झालेल्या आसनाचा आर्थिक भार अखेर आयोजकावर पडणार असेल, तर मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटालाही हाच अपवाद लागू होतो. ब्रिटनमध्ये १०० पौंडांहून अधिक किमतीच्या खरेदीसाठी क्रेडिट कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार धरण्याची १९७४ च्या कायद्याची उत्तम सोय आहे; मात्र मध्ये पुनर्विक्रीचा मध्यस्थ आला की त्या जबाबदारीची साखळी तुटल्याचा युक्तिवाद होऊ शकतो.

तिकीट खरे असूनही प्रवेश नाकारला जाणे, हा प्रकार हमीच्या चर्चेत नेहमी मागे पडतो. आयोजकाने तिकीट अहस्तांतरणीय ठरवले असेल, त्यावर मूळ खरेदीदाराचे नाव असेल आणि दारावर ओळखपत्र तपासले जात असेल, तर संकेतस्थळावरील व्यवहार कितीही नीट झाला तरी आपण बाहेरच राहतो. ब्रिटनच्या कायद्यानुसार पुनर्विक्री झाली या कारणासाठी तिकीट रद्द करण्याची अट मूळ विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगितलेली असावी लागते आणि ती अन्याय्य असता कामा नये. जपानने १४ जून २०१९ पासून याच्या पुढचे पाऊल टाकले: ज्या तिकिटावर विनापरवाना पुनर्विक्रीस मनाई असल्याचे नमूद आहे आणि खरेदीदाराची ओळख नोंदलेली आहे, ते मूळ किमतीहून जास्त दराने विकण्याचा धंदा करणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. न्यूयॉर्कचा कायदा याच्या अगदी उलट दिशेने जातो आणि ग्राहकाला हस्तांतरणीय तिकिटाचा पर्याय मिळालाच पाहिजे असे म्हणतो. दोन्हींची भूमिका ग्राहकहिताचीच आहे, आणि खरे सांगायचे तर दोन्हींत तथ्य आहे. आजारपणामुळे जाता न येणाऱ्या प्रेक्षकाला न्यूयॉर्कचा नियम सोयीचा, तर रांगेत ताटकळलेल्याला जपानचा. पुनर्विक्रीचे संकेतस्थळ मात्र कोणत्या कार्यक्रमाला कोणता नियम लागू आहे, हे क्वचितच ठळकपणे सांगते, आणि माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत गंभीर दोष आहे.

दरावरील मर्यादेबद्दलही मतभेद पुष्कळ आहेत. आयर्लंडच्या २०२१ च्या कायद्याने, १,००० किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या ठरवून दिलेल्या स्थळांवरील कार्यक्रमांचे तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणे हा गुन्हा ठरवला आणि त्यासाठी १ लाख युरोपर्यंत दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१८ पासून मूळ खर्चापेक्षा १० टक्केच जास्त घेता येतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०१७ च्या कायद्यात ५० टक्क्यांची मर्यादा लिहिली खरी, पण पुढच्या सरकारने ती अमलात येऊ दिली नाही. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दराच्या पुनर्विक्रीवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्यातील एक बारकावा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: संकेतस्थळाच्या सेवाशुल्कावरही मर्यादा येणार आहे. तिकिटाच्या दराला कुलूप लावून शुल्काचे दार उघडे ठेवले असते, तर नफा त्या वाटेने बाहेर पडलाच असता. दर बांधले की व्यवहार समाजमाध्यमांवर सरकतो आणि तिथे कोणतीच हमी नसते, हा विरोधकांचा आक्षेप निराधार नाही. मात्र तो मर्यादेविरुद्धचा युक्तिवाद म्हणून पुरेसा नाही, कारण घाऊक साठा करणाऱ्या दलालाला एकेका अनोळखी ग्राहकाशी संदेशांतून सौदा करणे परवडत नाही.

साठा मुळात होतो कसा, यावर बॉटविरोधी, म्हणजे तिकिटे आपोआप झपाट्याने खरेदी करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींविरुद्धचे, कायदे आहेत. अमेरिकेने असा कायदा २०१६ मध्ये केला, पण त्याखालील पहिली कारवाई व्हायला जानेवारी २०२१ उजाडले. न्यूयॉर्क परिसरातील तीन दलाल-संस्थांना ३.१ कोटी डॉलरहून अधिक दंड ठरला आणि देण्याची ऐपत पाहून प्रत्यक्ष वसुली ३७ लाखांवर आली. खरेदीदाराच्या अनुभवात या कायद्याने फरक पडलेला जाणवत नाही.

राहता राहिला कार्यक्रम रद्द होण्याचा किंवा पुढे ढकलला जाण्याचा प्रश्न. मूळ विक्रेता परतावा मूळ खरेदीदाराला देतो, आपल्याला नाही. आपण पूर्णपणे पुनर्विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असतो. मार्च २०२० मध्ये स्टबहबने रोख परताव्याऐवजी १२० टक्के मूल्याची पुढील खरेदीची जमा देऊ केली, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी हस्तक्षेप केल्यानंतर २०२१ मध्ये समझोता होऊन ग्राहकांना पैसे परत मिळाले. केवळ पुढे ढकललेल्या कार्यक्रमासाठी बहुतेक संकेतस्थळे आजही परतावा देत नाहीत. नव्या तारखेला जमत नसेल तर तिकीट तुम्हीच पुन्हा विक्रीला लावा, असे सुचवतात.

या साऱ्याचा विचार करता, आयोजकाने मान्यता दिलेले किंवा मूळ किमतीची मर्यादा पाळणारे दालन उपलब्ध असेल तर तेच निवडावे. आयोजकाशी जोडलेल्या दालनात जुने तिकीट बाद होऊन नव्या नावाने दुसरे निघू शकते, त्यामुळे प्रवेशाची खात्री बरीच वाढते. तिथे निवड थोडी असते, तिकिटे अनेकदा अखेरच्या दिवसांत येतात आणि मिनिटांत जातात, त्यामुळे दूरचा प्रवास आखणाऱ्याची त्यात गैरसोय होते. खुल्या संकेतस्थळाकडे जायचेच असेल तर आधी आयोजकाच्या पानावर हस्तांतरणाची अट वाचावी, आसनक्रमांक नसलेली नोंद टाळावी, आणि एकूण किंमत व तिकिटाचे वर्णन दिसणाऱ्या पानाची प्रतिमा पैसे भरण्यापूर्वी जतन करावी. तक्रार करायची वेळ आली तेव्हा ती नोंद संकेतस्थळावर उरलेली नसते.