छोट्या वेळातले गेम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोकरी आणि लहान मूल सांभाळून खेळायचं, तर गेमचा डाव किती मिनिटांचा आहे याला माझ्या लेखी फारसं महत्त्व उरलेलं नाही. मी दोनच गोष्टी बघतो. गेम अर्ध्यात सोडला तर काय गमवावं लागतं? आणि चार दिवसांनी परत उघडला तर काय काय आठवावं लागतं? गेले काही महिने जे गेम टिकले ते याच दोन कसोट्यांवर, आणि जे सुटले तेही याच कारणांनी.

रॉकेट लीग घ्या, म्हणजे गाड्यांनी खेळायचा ऑनलाइन फुटबॉल. घड्याळ फक्त 5 मिनिटांचं असल्यामुळे कागदावर हा आमच्यासारख्यांसाठीच बनवलेला गेम वाटतो. पण समोर आणि सोबत खरी माणसं असतात. मूल रडत उठलं म्हणून मधेच उठलात, तर साथीदार अडचणीत येतात. गुणांकनाच्या (रँक्ड) सामन्यातून निघून गेलात तर काही काळ पुढचा सामना खेळायला बंदी येते. बरोबरी झाली तर जादा वेळेला मर्यादाच नाही. गेम उत्तम आहे, पण ती पाच मिनिटं पूर्णपणे तुमची असावी लागतात आणि माझी तशी कधीच नसतात.

उलट स्ले द स्पायर, हा पत्त्यांनी लढायाचा गेम. पूर्ण रन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एक डाव, तासाभराच्या वर जाते, तरी मी सगळ्यात जास्त हाच खेळलो. एकेक लढाई काही मिनिटांत संपते, सेव्ह आपोआप होतो आणि चाल खेळायला घाई नसते. लढाईच्या मध्यात बंद केला तर फार तर तेवढी एक लढाई पुन्हा खेळावी लागते. परत येणंही सोपं आहे, कारण लागणारी सगळी माहिती पडद्यावरच असते: हातातले पत्ते, गड्डीत उरलेले पत्ते, शत्रूच्या डोक्यावर त्याचा पुढचा बेत. मी पूर्वी काय ठरवलं होतं ते विसरलो तरी गड्डीवर नजर टाकली की कळतं, इथे विषावर भर दिलेला दिसतोय. 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम अजूनही माझी पहिली शिफारस आहे.

इन्टू द ब्रीच (2018) त्याच्या अगदी जवळ येतो. 8 बाय 8 चा पट, तुमची तीन यंत्रं, आणि कुठला शत्रू कुठे मारणार हे आधीच दाखवलेलं. बहुतेक लढाया पाचेक खेपांत आटोपतात. थकलेल्या डोक्याने मात्र हा खेळू नये. एकेका चालीवर दहा मिनिटं विचार करण्यातच त्याची खरी मजा आहे. दिवसभर कामाने मेंदू पिळून निघाला असेल तेव्हा मी बालाट्रो उघडतो. पत्त्यांचे हात जुळवून गुण करायचे, तीन फेऱ्यांचा एक टप्पा, असे आठ टप्पे पार केले की रन जिंकली. गुण वाढवणारे खास पत्ते म्हणजे जोकर, आणि प्रत्येक जोकर काय करतो ते त्याच्यावर बोट नेलं की वाचता येतं. फक्त झोपायच्या वेळी तो हाती घेऊ नका. "ही एक फेरी झाली की ठेवतो" असं म्हणता म्हणता मध्यरात्र होते.

शत्रूंच्या झुंडींत तग धरून राहायचा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स आवडला, पण बहुतेक स्टेज 30 मिनिटांच्या आहेत आणि खरी धमाल शेवटच्या दहा मिनिटांत आहे. सलग अर्धा तास मिळणार असेल तरच लावा.

परत येण्याच्या कसोटीवर अडकलेला गेम म्हणजे रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधायचं. कुठेही थांबता येतं, चालीचं दडपण नाही. पण आठवड्याने उघडला की कोणाचा आवाज कोणता, कोण कुठल्या झोक्यावर झोपायचं, हे सगळे धागे हातातून निसटलेले असतात. इतका सुंदर गेम पंधरा-पंधरा मिनिटांत तोडून वाया घालवू नये. सुट्टीसाठी राखून ठेवा.

सेलेस्टबद्दल मला धाकधूक होती. अचूक उड्या मारत डोंगर चढायचा, हाताच्या सवयीवर चालणारा गेम, खंड पडला की सवय जाते. पण एकेक खोली म्हणजे साधारण एक पडदा, मेलात की क्षणात पुन्हा तिथेच उभे. शिवाय असिस्ट मोडमध्ये, म्हणजे गेम सोपा करून घेण्याच्या सोयीत, गेमचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. ही सोय मोकळेपणाने वापरा, ती त्यासाठीच दिली आहे.

मोबाइलवरच्या रोज हजेरी मागणाऱ्या गेमपासून मात्र लांब राहा. ते दोन मिनिटांत खेळून होतात, पण "आज आला नाहीत तर बक्षीस गेलं" असं म्हणत दिवसभर मागे लागतात. आपल्या मोकळ्या वेळावर दुसऱ्या कोणी वेळापत्रक लादावं हे मला सहन होत नाही.

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, असेल तर स्लीप मोडमुळे बरेच गेम आवाक्यात येतात. कॉम्प्युटरवर स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये रात्री झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही आणि एक दिवस जेमतेम चौदा मिनिटांचा असतो, तरी तेवढ्यातही अडथळा येतोच. स्विच किंवा स्टीम डेकसारख्या हँडहेल्डवर बटण दाबलं की गेम आहे तिथे थिजतो. बॅटरी पूर्ण संपली तर मात्र न सेव्ह केलेलं जातं, म्हणून चार्जरला लावून ठेवा.

नवीन गेम घेताना स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा परताव्याचा नियम कामी येतो: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पहिल्याच दिवशी ऐन लढाईत गेम बंद करा. मग तीन-चार दिवस हात लावू नका. पुन्हा उघडल्यावर दोन मिनिटांत खेळ सुरू झाला तर ठेवा, नाहीतर परत करा.