फ्लशचा आवाज बंद झाला, पण दुरुस्ती झालीच नव्हती

फ्लशची टाकी आवाज करते म्हणून प्लंबरने "आतलं अख्खं फिटिंग गेलंय" किंवा "भिंतीतली लाइन बदलावी लागेल" असं सांगितलं, तर हो म्हणायच्या आधी हे वाचा. न बसवलेल्या पार्टचे पैसे आमच्याकडून घेतले गेले. ज्या युक्तीने घेतले ती इतकी सोपी आहे की कुणाच्याही घरी खपून जाईल.

आमच्याकडे फ्लश केल्यावर टाकी नीट भरायची. मात्र भरत आली की शेवटी शेवटी भोंगा वाजावा तसा घुमणारा आवाज सुरू व्हायचा. आधी बारीक, मग वाढत वाढत जाऊन पलीकडच्या खोलीतही स्पष्ट ऐकू येईल इतका. पाणी थांबलं की आवाजही थांबायचा. रात्री कुणी उठलं की सगळं घर जागं. आपल्यामुळे सगळ्यांची झोपमोड होते म्हणून सासूबाई संध्याकाळनंतर पाणी प्यायच्याच बंद झाल्या. त्यांच्या वयाला हे बरं नव्हे, म्हणून आम्ही घाईने प्लंबर बोलावला.

त्याने एकदा फ्लश केला, ऐकलं आणि लगेच निदान सांगितलं. "ताई, लाइनमध्ये एअर धरलीय. प्रेशरने आतलं फिटिंग गेलंय. नवीन टाकतो. तरी नाही थांबलं तर मग भिंतीतला पाइप बघावा लागेल." जागा अडचणीची आहे, तुम्ही बाहेरच थांबा, असं म्हणून त्याने दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आम्हाला बोलावून फ्लश करून दाखवला. टाकी भरली, एक चकार आवाज नाही. जुना पार्ट मागितला, तर "तो भंगारात टाकतो, तुम्हाला काय करायचाय" म्हणाला. बिलावर फक्त 'फ्लश रिपेअर' एवढंच.

त्यानंतर टाकी भरायला फार वेळ लागू लागला. लागोपाठ दुसऱ्यांदा फ्लश केला तर जोरच नसायचा. नवीन फिटिंग असंच असेल असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मग एकदा साफसफाई करताना यांनी टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत जाणारं पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ, पूर्ण उघडला. पाणी जोरात येऊ लागलं, आणि टाकी भरत येताच तोच भोंगा.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो. आता टाइल्स फोडून लाइन बदलण्याशिवाय इलाज नाही."

शेजारच्या काकांची सगळी नोकरी पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी एकच विचारलं: आवाज चालू असताना कुणी फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन व्हॉल्व्ह बंद करणारा तरंगता भाग) हाताने वर उचलून पाहिला का? ते घरी आले, टाकीचं झाकण काढलं, आवाज सुरू झाल्यावर फ्लोट वर धरला. पाणी बंद, आवाज बंद. मग फ्लोट सोडून खालचा अँगल कॉक अर्धा फिरवला. पाणी हळू येत होतं, पण आवाज नव्हता. पुन्हा उघडला, आवाज आला. पुन्हा फिरवला, गेला. दाराआड झालेली दुरुस्ती एवढीच होती: कॉक थोडा बंद करणं.

पार्ट बदललाच नव्हता, हेही त्यांनी दाखवलं. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह टाकीच्या तळाशी ज्या नटने कसलेला असतो, त्या नटवर आणि भोवती क्षारांचा पांढरा थर जमला होता. तो थर कुठेही तडकलेला नव्हता. नट न फिरवता व्हॉल्व्ह निघत नाही, आणि नट फिरला तर तो थर फुटणारच. मी त्याचे जवळून फोटो काढून ठेवले.

दोष होता व्हॉल्व्हच्या टोपणाखालच्या वॉशरमध्ये. छोटीशी काळी रबरी चकती, मधोमध गोल खाच पडलेली, एका कडेला चिरलेली. टाकी भरत येते तसा व्हॉल्व्ह मिटत जातो आणि पाणी अरुंद फटीतून वेगाने जातं. रबर झिजून सैल झालं असेल तर ते त्या फटीत थरथरतं आणि ती थरथर पाइपमधून घरभर घुमते. म्हणून आवाज शेवटी शेवटीच येतो. कॉक आवळून पाण्याचा जोर कमी केला की थरथर थांबते, पण रबर तसंच फाटकं राहतं. आणि लाइनमध्ये खरंच हवा असती तर नळातून पाणी फसफसत, थांबून थांबून आलं असतं आणि थोडा वेळ वाहू दिल्यावर आपोआप नीट झालं असतं.

काकांनी अँगल कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, टोपण उघडून नवीन वॉशर घातला. टोपण लावायच्या आधी व्हॉल्व्हवर एक पेला उपडा धरून कॉक जरासा उघडला. आत अडकलेली रेती आणि क्षारांचे कण पाण्याबरोबर बाहेर आले. हे करायला विसरू नका, कारण असाच एखादा कण नव्या रबराखाली बसला तर व्हॉल्व्ह पुन्हा गळतो. काही व्हॉल्व्हचे वॉशर सुटे मिळत नाहीत, तेव्हा तो व्हॉल्व्ह पूर्ण बदलावा लागतो. तरी तो एकच पार्ट आहे. त्यासाठी टाकी बदलायची नसते आणि भिंतीला तर हातही लावायचा नसतो.

टाकी भिंतीच्या आत असेल तर "टाइल्स फोडाव्या लागतील" हे वाक्य फार सहज ऐकवलं जातं. भिंतीवरची फ्लशची बटणांची पट्टी निघते आणि आतले व्हॉल्व्ह त्याच खिडकीतून काढता-घालता यावेत अशीच त्या टाक्यांची रचना असते. फोडायच्या आधी ती पट्टी काढून दाखवायला सांगा.

आवाज कधी येतो याकडे लक्ष दिलंत तर अर्धं निदान तुमचं तुम्हालाच होईल. पाण्याची सतत सूं सूं येत असेल तर झाकण काढून पाणी ओव्हरफ्लो पाइपमध्ये, म्हणजे जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीत, उतरतंय का ते बघा. पातळी त्या पाइपच्या तोंडाच्या साधारण २.५ सेंटिमीटर खाली हवी, आणि ती फ्लोट खाली करून जुळवता येते. कुणी न वापरता टाकी मध्येच स्वतःहून भरत असेल तर तळाचं रबरी सील गळतंय. टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका, ३० मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खात्री झाली. पाणी थांबताक्षणी पाइपमध्ये धाडकन ठोका बसत असेल, तर मात्र पाइप क्लॅम्पने नीट धरलाय का आणि पाण्याचा दाब किती आहे हे तपासावंच लागतं. आणि फ्लश केल्यावर कमोडमधून बुडबुड, गुडगुड येत असेल तर टाकी निर्दोष आहे. मैल्याचा किंवा हवेचा पाइप तुंबलाय. तिथे चांगला माणूस बोलवाच, उशीर करू नका.

प्लंबरला फोटो पाठवले. आधी तो म्हणाला, नवीन पार्टही कधी कधी खराब निघतो. मी त्या पार्टचा बॉक्स आणि दुकानाची पावती मागितली. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर पार्टचं नाव नव्हतं, जुना पार्ट हातात नव्हता आणि काम आमच्या डोळ्यांसमोर झालं नव्हतं, त्यामुळे पुढे दाद मागायला काही उरलं नाही. तुम्ही या तिन्ही गोष्टी काम सुरू व्हायच्या आधी मागा. प्रामाणिक कारागीर त्याला कधीच नाही म्हणत नाही. आणि तो निघायच्या आधी अँगल कॉक पूर्ण उघडा, त्याच्यासमोर फ्लश करा आणि टाकी पूर्ण भरून पाणी थांबेपर्यंत त्याला थांबवून ठेवा.