अतिरिक्त कार्यभार, सल्लागार की पूर्णवेळ अधिकारी?

नगरपालिकेची करआकारणी ऑनलाइन न्यायची असो की जिल्हा परिषदेची पगारबिलं, निविदेत संगणकप्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे मनुष्यदिवस मोजलेले असतात. आपल्या बाजूने कोण, आठवड्यातले किती तास देणार हे मात्र फायलीवर क्वचितच येतं. ठरवायची वेळ आली की पर्याय साधारण तीन असतात.

सगळ्यांचा लाडका पर्याय अतिरिक्त कार्यभाराचा. एक आदेश काढला की झालं, खर्च शून्य दिसतो. पण कंपनीने विचारलेल्या साध्या प्रश्नाला (अर्धवट बांधलेल्या घराला कर कसा लावायचा?) उत्तर मिळायला आठवडा लागतो आणि तोवर प्रोग्रामर आपल्या अंदाजाने नियम लिहून मोकळा होतो. निवडणूक किंवा पंचनामे आले की पहिला बाजूला पडतो तो प्रकल्पच. संगणकीकृत सातबारा मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहण्याचं काम आपल्याकडे तलाठ्यांनी रोजची कामं सांभाळून केलं. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्यामागे हे तास आहेत. म्हणजे या पद्धतीने काम होतच नाही असं नाही. फक्त त्याची किंमत कुणाच्या तरी रविवारातून वसूल होते.

दुसरा पर्याय सल्लागार संस्थेचा. तिची माणसं हुशार असतात, सादरीकरणं देखणी असतात. पण नियमाचा अर्थ लावणं आणि सही करणं त्यांच्याकडे देता येत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रांत ही रेघ नीट आखलेली दिसते. पहिल्या खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन करणं हे टीसीएसचे लोक करतात. पुढच्या दोन खिडक्यांवर पडताळणी आणि मंजुरीला सरकारी कर्मचारी बसतात. कंपनी आली म्हणून सरकारी माणूस उठला नाही.

उलट घडलं तर काय होतं, ते कॅनडात दिसलं. तिथल्या केंद्र सरकारची ‘फिनिक्स’ ही पगारप्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली. ती बनवणाऱ्या आयबीएम कंपनीने २७.४ कोटी डॉलर लागतील असं सांगितलं होतं. मंजूर होते १५.५ कोटी. आकडा वाढवून मागण्याऐवजी अधिकाऱ्यांनी काही सुविधा वगळल्या, मुदत आवळली आणि प्रकल्पावरची माणसं कमी केली, कंपनीची आणि स्वतःच्या खात्याचीही. प्रायोगिक चाचणी रद्द झाली. त्यात विविध खात्यांतली पगाराचं काम करणारी सुमारे १,२०० पदं आधीच कमी करून मिरामिशी या गावातल्या केंद्रात त्याहून खूप कमी माणसं नेमली होती. वर्षाला सात कोटी डॉलर वाचतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हजारो कर्मचाऱ्यांना कमी-जास्त किंवा उशिरा पगार मिळाला. महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये या अपयशाला ‘अनाकलनीय’ म्हटलं. अहवाल वाचल्यावर मला तरी त्यात न कळण्यासारखं फारसं काही वाटलं नाही.

तिसरा पर्याय खात्यातलाच जाणकार अधिकारी पूर्णवेळ देण्याचा. तो महाग वाटतो, कारण सगळ्यात कामाचा माणूस टेबलावरून उठतो. शिवाय बदलीची टांगती तलवार: महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा, आणि मोठा प्रकल्प तेवढ्यात संपेलच असं नाही. म्हणून एकाऐवजी दोघांना, थोड्या अंतराने नेमलेलं बरं.

हजेरीचं तयार यंत्र बसवायचं असेल तर अतिरिक्त कार्यभार पुरतो. आदेशात आठवड्याचे दोन दिवस लिहून द्या म्हणजे झालं. प्रश्न पगाराचा, कराचा किंवा जमिनीच्या नोंदीचा असेल तर पूर्णवेळ अधिकारी आणि त्याच्या हाताखाली सल्लागार, हीच जोडी मी निवडेन. त्या अधिकाऱ्याचं जुनं टेबल कोण सांभाळणार, त्याचं नाव त्याच आदेशात घाला. नाव सापडत नसेल तर निविदा महिनाभर थांबवा.