प्रवासातली धाव: ट्रेडमिल की अनोळखी रस्ता?

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तिची तयारी कित्येक आठवडे चालते आणि त्यात कामाचे दौरे येतातच. मग धावायचं कुठे?

ट्रेडमिलचा मोठा गुण म्हणजे वेळ वाचतो. मीटिंगआधी चाळीस मिनिटं मिळाली तरी धाव पूर्ण होते. अंधार, पाऊस, वाट चुकणं, कसलीच काळजी नाही. वेग नेमका ठरवता येत असल्यानं इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू) किंवा टेम्पो (बराच वेळ एकसारख्या जलद वेगानं) धावेला ती उत्तम. फक्त समोरून वारा लागत नाही, म्हणून चढ १ टक्का ठेवावा. वेगात धावताना हा फरक जास्त जाणवतो. पण तासाभरानंतर मन कंटाळतं, हे मात्र खरं.

रस्त्यावर उतार, वळणं, खडबडीत जमीन असते, आणि शर्यतही बहुधा तिथेच असते. उतारावर मांड्यांना बसणारा ताण सपाट पट्ट्यावर मिळत नाही. शिवाय लांबच्या विमानप्रवासानंतर दिवसाचा उजेड शरीराचं घड्याळ जुळवायला मदत करतो.

माझं मत विचाराल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी मशीन चालेल, लांब धाव मात्र रस्त्यावरच. नवख्या शहरात नदीकाठ धरावा आणि गेलो त्याच वाटेनं परतावं.